एका कॅसेटची दोन लुगडी

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

डाव्या डोळ्याची पट्टी सुटून आज आठ दिवस झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नागूबाई, आता लिहा, वाचा, टीव्ही बघा, भ्यायचं कारण न्हाई." म्हणून ही डायरी काढली. नातीला, बुद्धप्रियाला, बँकेत मिळालेली हाय, गेल्या सालची. छापलेले वार जुळत न्हाईत, ते खोडून मी माझे लिहिते. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, तीही मधनं मधनं. काना-मात्रा चुकला तर कोण बघायला बसलंय.

आधी आनंदाचं. बुद्धप्रियाचं लग्न ठरलं! २८ डिसेंबर, रविवार. माझ्या लेकीची, कीर्तीची, ही एकुलती लेक. गाव तिचं वळसंग, पण नोकरी सोलापुरात, म्हणून वरीस झालं माझ्याकडंच राहती. घरात मी, माझा ल्योक रत्नदीप, सूनबाई आन् ही. पोरगा पुण्याचा हाय, हसतमुख हाय. जास्तच हसतो, पण आता ते बघू.

आन् डोळ्याचं काय सांगू! भिंत पांढरी फेक, भांडी पांढरी, पोरीचे दात पांढरे. सूनबाईला म्हणलं, "रंग दिलास काय गं, मला न विचारता?" ती म्हणाली, "आत्या, भिंत तीच हाय." मला काय पटलं न्हाई. न्हाणीत रंगाचा डबा लपवलाय का बघून आले. नव्हता. पण डबा टाकून देता येतो की.

आता खडा कुटं लागला ते. पोरगी म्हणती, "आजी, मी लग्नात आईचंच लुगडं नेसणार." आमच्यात नवरीला पांढरं लुगडं असतंय, नवऱ्याकडच्यांनी आणायचं. कीर्तीचं तिच्या सासूनं आणलं हुतं, गोजाबाईनं. तेवीस वर्षं झाली, ते अजून गोजाबाईच्या ट्रंकेत हाय. आन् त्याच लुगड्यावरनं आमचं दोघींचं बिनसलं.

झालं असं. लग्नाच्या आठ दिवस आधी मी टॉवेल कारखान्याच्या पायऱ्यांवरनं पडले, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पायाला वजन बांधून छताकडं बघत पडले, आन् तिकडं वळसंगला लेकीचं लग्न लागलं. तारीख मोडू नका असं मीच म्हणलं हुतं. लग्न मी बघितलं ते दोन महिन्यांनी, व्हिडिओवाल्या नवनाथनं दिलेल्या सीडीत, शेजारणीच्या टीव्हीवर. आन् काय बघितलं? माझी कीर्ती मांडवातनं चालत येती आन् लुगड्याला ठिगळं! चौकोनी चौकोनी, पदराला, निऱ्यांना. एक न्हाई, पाच-पन्नास.

मी तीस वर्षं कारखान्यात माल तपासला हाय. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, हाताखालनं काय सुटायचं न्हाई. मुकादम म्हणायचा, नागूबाईनं पास केलं म्हणजे डोळे झाकून गाडीत भरा. असल्या बाईला ठिगळ कळणार न्हाई व्हय? कीर्ती म्हणाली, "आई, नवंकोरं हुतं." ती सासरचं झाकणारच. आमचे मालक, सिद्राम, तेही म्हणाले, "चांगलं हुतं की." पुरुषाला लुगड्यातलं काय कळतंय.

मग बुद्धप्रियाच्या बारशाला, समाजमंदिरात, चाळीस बायांपुढं मी बोलले, "माझ्या लेकीला ठिगळाचं लुगडं नेसवून उभी केली." गोजाबाईच्या हातात पाळण्याची दोरी हुती. ती सोडली, चप्पल घातली, वळसंगची गाडी धरली. बावीस वर्षं माझ्या उंबऱ्याला तिचा पाय न्हाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कीर्तीचा फोन आला. गोजाबाईचा निरोप असा, की लुगडं द्यायला माझी ना न्हाई, नातीपेक्षा जास्त काय हाय. पण कीर्तीच्या आईनं शब्द मागं घ्यावा. न्हाईतर लुगडं येणार न्हाई आन् मीपण लग्नाला येणार न्हाई.

मी म्हणलं, "खोटं बोलले हुते काय मी?"

कीर्तीच्या बांगड्या वाजल्या. फोनवर बांगड्या वाजल्या म्हणजे ती पदरानं डोळे पुसत असती. तिला कशाचं रडू येतंय कळत न्हाई. मी भांडले ते तिच्याच बाजूनं की.

बुद्धप्रिया जवळच बसली हुती. म्हणाली, "आजी, मला दोघी आज्या पाहिजेत. एक आजी मांडवात आणि एक वळसंगला रुसलेली, असलं लग्न मला नको."

"मग तिला सांग यायला."

"आणि तुला काय सांगू?"

लई तोंड चालतंय बँकेत जाऊन.

रत्नदीपनं माळ्यावरचा प्लेअर काढून नव्या टीव्हीला जोडून दिला. जुनी सीडी लावली. म्हणलं, पुरावा आपल्याकडं हाय, पोरीलाच दाखवू. ठिगळं हुतीच, मोठ्या टीव्हीवर तर हातरुमालाएवढी दिसली. पण एक गोष्ट मला खटकली. दरवर्षी मी ही सीडी लावते, दरवर्षी ते लुगडं जास्त जास्त पिवळं दिसत आलंय. आज पिवळेपणा कमी! मी रत्नदीपला म्हणलं, "टीव्हीत काय खटपट केलीस रं?" तो शपथ घेतोय. बुद्धप्रिया हसत सुटली, म्हणाली, "आजी, तुझा डोळा बदललाय." मी म्हणलं, "मोतीबिंदू माझा काढला, लुगड्याचा न्हाई." सगळे एका बाजूला झालेत. सीडी मी उशीखाली ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पोरगी सकाळी वळसंगला जाऊन आली ती एक डीव्हीडी घेऊन. म्हणे २००८ साली गोजाबाईच्या धाकट्या पोरानं नवनाथकडनंच करून घेतली, त्याच लग्नाच्या कॅसेटवरनं. लावायला तिकडं प्लेअर नव्हता, म्हणून ट्रंकेत तशीच पडली हुती. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

आधी सीडी, मग डीव्हीडी, तोच प्रसंग. मांडव तोच, माणसं तीच, पायात घुटमळणारं कुत्रंसुद्धा तेच. कीर्ती चालत आली. एकपण ठिगळ न्हाई! पदराची किनार दिसती, निऱ्या एकेक मोजून घ्याव्यात, कपाळावरचा घाम दिसतोय. आन् लुगडं, शेवग्याच्या फुलासारखं.

बुद्धप्रिया म्हणाली, "बघितलंस?"

मी म्हणलं, "बघितलं. ठिगळं पुसल्यात."

"आजी!"

"एक कॅसेट, मग लुगडी दोन कशी? एक खरं, एक खोटं. आन् खोटं कुठलं? जे मागाहून केलं ते. बारशाला मी बोलले २००३ ला, ही केली २००८ ला. मधी पाच वर्षं मिळाली पुसायला."

पोरीनं कपाळावर हात मारला. मारू दे. कोण कुणाच्या पाकिटात काय घालून देतंय सांगता येत न्हाई. उद्या हीच डीव्हीडी मांडवात लावतील आन् म्हणतील, बघा, नागूबाईच्या डोळ्यात दोष हुता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुणी माझ्याशी बोलत न्हाई. भाकरी नेहमीसारखीच फुगली. मीपण बोलले न्हाई.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रिक्षा करून शुक्रवार पेठेत गेले. एकटी. नवनाथचं दुकान अजून तितंच हाय, पाटी मात्र नवी. पोरगा हुता तेव्हा, आता चष्मा लागलाय, पोट सुटलंय. मला बघून उठला.

"जयभीम मावशी! नातीचं लग्न म्हणं? ड्रोन सांगू का? वरनं अख्खा मांडव दिसतो."

मी म्हणलं, "वरचं ऱ्हाऊ दे, मला खालचं सांग. माझ्या लेकीच्या लुगड्याची ठिगळं कुणाच्या सांगण्यावरनं पुसलीस?"

मी दोन्ही डिस्का पिशवीतनं काढून त्याच्या काचेवर ठेवल्या. त्यानं त्या हातात घेतल्या, उलट्या-सुलट्या केल्या, आन् हसायला लागला. मला राग आला. मग त्यानं स्टूल दिलं, चहा सांगितला. चहा पाजणाऱ्याचा मला आधीच संशय येतो.

म्हणाला, "मावशी, तुम्ही टॉवेलमध्ये होता ना? मग तुम्हाला कळेल. लग्न मी मोठ्या कॅसेटवर घेतलेलं. ते झालं मूळ कापड. त्यावरनं तुम्हाला जी सीडी दिली, ती विरळ विणीची. डीव्हीडीत चित्राचे जेवढे उभे धागे, त्याच्या निम्मे सीडीत. आडवेही निम्मेच."

"म्हणजे चार आणे माल."

"बरोब्बर."

मी म्हणलं, "मला शिकवू नको. धागे कमी केले तर टॉवेल विरळ होतोय, आरपार दिसतोय. त्याला ठिगळं पडत न्हाईत."

त्यानं डिस्का खाली ठेवल्या. चष्मा पुसला. मग म्हणाला, "ते दुसरं आहे. सीडीत जागा लई कमी. एवढं लग्न त्यात कोंबायचं म्हणजे मशीन चित्राचे बारके बारके चौकोन करतं. माणूस गप्प बसलेलं असलं तर निभतं. माणूस हललं, की मशीनला सगळं लिहायला जागा पुरत नाही, मग अख्खा चौकोन एकाच रंगानं भरून मोकळं. कीर्तीताई चालत आल्या ना? हलणारं पांढरं लुगडं, वर माझा हॅलोजन. चौकोन पडणारच. डीव्हीडीत जागा सहा-सात पट, म्हणून तिथं दिसत नाहीत."

"आन् पिवळं?"

"हॅलोजनचा उजेड पिवळाच असतो की. थोडं पिवळं दोन्हीत आहे."

मी म्हणलं, "थोडं कुटलं? चांगलं हळदीसारखं हुतं."

तो माझ्या डोळ्याकडं बघायला लागला. काळा चष्मा घालूनच गेले हुते.

मी विचारलं, "तू पुसलं न्हाईस याला पुरावा काय?"

"मावशी, मला पुसता येत असतं तर नवरदेवाच्या मामाच्या टकलावर माशी बसली होती ती पुसली असती. त्यानं मला त्यावरनं आजतागायत सोडलं नाही."

निघताना म्हणाला, कॅसेट अजून हाय, म्हणाल तर ब्लू-रेवर घालून देतो, ती डीव्हीडीच्याही वरची. मी म्हणलं, "त्यात आणखी काय दिसंल?" तर खरं बोलला. म्हणाला, "काही नाही. कापडात जे नाही ते इस्त्रीनं येत नाही."

हे वाक्य मला आवडलं. माणूस खोटा असता तर विकूनच टाकली असती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रत्नदीप आन् सूनबाई बाजारात, पोरगी बँकेत. दार लावून घेतलं आन् स्वतः प्लेअर चालवला. तांबडी पिन, पांढरी पिन, पिवळी पिन, सगळं माझं मी. त्याचा आनंद वेगळाच. रिमोटवर थांबवायचं बटण हाय, आन् एकेक पाऊल पुढं सरकवायचंही हाय.

आधी मामाची माशी. डीव्हीडीत हाय. टकलाच्या उजव्या अंगाला, पाय घासती. सीडीत न्हाई! तीन वेळा बघितलं. तितं नुसता एक गुळगुळीत गुलाबी चौकोन.

मी जरा सरकून बसले. पुसलं-पुसलं म्हणत हुते मी, तर पुसणारी सीडीच निघाली.

मग माल तपासतात तसं सीडी तपासली. या कडंपासून त्या कडंपर्यंत, माणूस न् माणूस. कीर्ती चालती, ठिगळं. कीर्ती थांबली, ठिगळं गेली. खरं ठिगळ काय चालताना येतंय आन् थांबलं की जातंय व्हय? पुढं सरकवलं. भंतेजींनी हात वर केला, चीवराला ठिगळं. मंडपाचं कापड वाऱ्यानं हललं, त्याला ठिगळं. मग आमचे मालक आले. लेकीच्या मागं उभे हुते, त्यांनी मान वळवली, आन् गालावर ठिगळ.

माणसाच्या गालाला ठिगळ कोण लावंल.

तोच प्रसंग डीव्हीडीत लावला. मान वळवली ती डोळे पुसायला. रडत हुते. टोपी काढून टोपीनंच पुसले, कुणी बघतंय का म्हणून इकडंतिकडं बघितलं, आन् परत घातली. दवाखान्यात येऊन मला सांगितलं हुतं, "मी काय रडलो न्हाई, तुझ्यासारखा." त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. हे मला तेवीस वर्षं ठाऊक नव्हतं.

तेवढंच चार-पाच वेळा बघितलं. मग सूनबाई आली, बंद केलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मन म्हणतंय चुकलं. डोकं म्हणतंय, थांब. सीडी खोटी निघाली म्हणून डीव्हीडी खरी ठरत न्हाई. लुगडं नवं हुतं का जुनं, हे अजून तपासायचं हाय. म्हणून आज परत लावली, फक्त लुगड्यासाठी.

घडीच्या रेघा आडव्या-उभ्या स्पष्ट दिसल्या. म्हणजे दुकानातनं आणून तसंच नेसवलेलं. धुतलेल्या कापडाला असल्या रेघा ऱ्हात न्हाईत. झालं. कोरं हुतं.

पण त्यातच दुसरं दिसलं. कीर्तीचा पदर खांद्यावरनं घसरला, तेव्हा गोजाबाई पुढं आली नीट करायला. वाकली, तिचा स्वतःचा पदर सरकला. पाठीवर चोळीला रफू. हिरव्या चोळीला काळ्या दोऱ्याचा, बोटभर लांब, बारीक टाक्याचा. मी थांबवून बघितलं, पुढं सरकवून बघितलं. हा हलला तरी जात न्हाई. हा खरा. सीडीत तितं नुसता हिरवा ढग हाय.

नवऱ्यामुलाची आई, आन् अंगात रफूची चोळी! मला आधी वाटलं, बाई वेंधळी दिसती, घाईत जुनी घातली असंल. कीर्तीला फोन लावला. "तुझ्या सासूनं लग्नात नवी चोळी का घातली न्हाई गं?"

कीर्ती म्हणाली, "आई, सासरे जाऊन तेव्हा वरीस झालं नव्हतं. एकच नवं कापड घेता येत असंल, तर तू कुणासाठी घेतलं असतंस?"

मी म्हणलं, "तू मला हे कधी सांगितलं न्हाईस."

"तू मला कधी विचारलंस?"

जेवण गेलं न्हाई. सूनबाईनं शेंगाचटणी पुढं केली तरी न्हाई.

३० नोव्हेंबर, रविवार

वळसंगला जाऊन आले. सगळं लिहिते, न्हाईतर उद्या मीच म्हणीन असं झालंच न्हाई.

वडापच्या जीपनं गेले, बुद्धप्रिया बरोबर. जावई शेतात, कीर्ती आत. गोजाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली हुती. वाळलीय. केस सगळे पांढरे, का माझ्या नव्या डोळ्यालाच पांढरे दिसले, कोण जाणे.

"जयभीम, विहीणबाई."

तिनं वर बघितलं. "जयभीम. बसा. पोतं हाय तितं." आन् परत शेंगा.

मी पोत्यावर बसले. मीही शेंगा सोलायला घेतल्या. एवढं पाठ करून गेले हुते, सगळं विसरले. माशीचं सांगितलं, चौकोनाचं सांगितलं, उभ्या-आडव्या धाग्यांचं सांगितलं. ती ऐकती का न्हाई कळेना. शेवटी म्हणाली, "म्हणजे डबड्यानं सांगितलं तवा मी खरी. माणसांनी सांगितलं तवा खोटी."

मी पुढची शेंग घेतली.

"तुमच्या लेकीनं सांगितलं, ऐकलं न्हाई. तुमच्या मालकांनी सांगितलं, ऐकलं न्हाई. टकल्याच्या माशीनं सांगितलं, ते पटलं."

बुद्धप्रिया तोंडाला ओढणी लावून आत पळाली. हसायला.

मी म्हणलं, "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं." मग हातातली शेंग टाकून म्हणाली, "आता मी विचारते, खरं सांगा. पाय मोडला हुता का?"

"म्हणजे?"

"लग्नाला आला न्हाईत. आठ दिवस आधी नेमका पाय मोडला. मला वाटलं, रांडमुंड बाईच्या पत्र्याच्या घरात यायची लाज वाटली म्हणून सोंग केलं. मी दवाखान्यात येणार हुते बघायला. आले न्हाई. म्हणलं, गेले आन् पाय धडधाकट दिसला तर?"

तेवीस वर्षं हिनं हे पोटात ठेवलं! मला इतका राग आला. माझ्या पायावर संशय! मी तितंच लुगडं वर केलं, मांडीवरची खूण दाखवली, वीतभर, सळी घातलेली. तिनं वाकून बघितलं. तेवढ्यानं भागलं न्हाई, बोटानं वरनं खाली चाचपून बघितलं. टाक्यांच्या खुणा मोजल्या की काय कुणास ठाऊक.

"व्हय की," म्हणाली. "मोडला हुता." आन् मग, "लई दुखलं असंल."

मी म्हणलं, "हाडाचं येवढं न्हाई दुखलं. लग्न चुकलं ते दुखलं."

कीर्ती चहा घेऊन दारात उभी. आम्हाला बघून कपबशी तशीच हातात. तिला वाटलं आमी मारामारी करलालो.

चहा झाला. मी म्हणलं, "मग लुगडं देताय न्हवं?"

गोजाबाई म्हणाली, "चाळीस बायांत बोललात. हितं पोत्यावर बसून शेंगा सोलत मागं घेतलात. हे काय माप झालं? लुगडं मी मांडवात घेऊन येते. पोरीनं नेसायच्या आधी, बायांपुढं सांगा. मग देते."

"आन् न्हाई बोलले तर?"

"तर परत घेऊन जाते. मला वडाप मिळतंय की."

७ डिसेंबर, रविवार

पोरगी घाबरलीय. म्हणती, "आजी, ऐन वेळी तू फिरलीस तर मी काय नेसू?" दुसरं लुगडं आणून ठेव म्हणलं तर ऐकत न्हाई. म्हणती, आणलं तर तू फिरशील.

आरशापुढं उभी राहून बोलायचा सराव केला. सूनबाई दाराआडनं ऐकत हुती. माझं पहिलंच वाक्य असं आलं, "चूक माझी न्हाई, सीडीची हुती." सूनबाई म्हणाली, "आत्या, हे ऐकून त्या बस स्टँडवर जातील."

मनात अजून एक शंका हाय. मी बोलले, आन् तरी तिनं दिलं न्हाई तर? बाई खुन्नस धरणारी हाय. बावीस वर्षं धरली. मीपण धरली, पण माझं वेगळं हुतं.

वेगळं काय हुतं ते लिहायला बसले, सुचलं न्हाई.

२९ डिसेंबर, सोमवार

लग्न झालं. पाय सुजलेत, घसा बसलाय, पण लिहिते.

सकाळी दहाला हॉल भरला. त्याच बाया, जेवढ्या उरल्यात तेवढ्या, आन् त्यांच्या सुना. पोरगी आतल्या खोलीत नुसत्या परकर-ब्लाऊजवर टॉवेल पांघरून बसलेली, केसात मोगरा. गोजाबाई पहिल्या रांगेत, मांडीवर गाठोडं. गाठोड्यावर दोन्ही हात. कुणी पाणी दिलं तरी हात उचलला न्हाई.

भंतेजी येऊन बसले. नवऱ्याकडची माणसं घड्याळ बघायला लागली. रत्नदीप माझ्या कानात म्हणाला, "आई, चल आता." नवनाथनं माईक हातात दिला. त्याचा मोठा कॅमेरा माझ्याकडंच वळलेला. मी त्याला हळूच म्हणलं, "मी हलणार न्हाई, नीट घे." तो म्हणाला, "हला मावशी, आता काही होत नाही."

मी बोलले. आवाज बकरीसारखा निघाला. म्हणलं, "बायांनो, बावीस वर्षांपूर्वी बुद्धप्रियाच्या बारशाला मी बोलले हुते, की गोजाबाईंनी माझ्या लेकीला ठिगळाचं लुगडं नेसवलं. ते खोटं हुतं. लुगडं नवंकोरं हुतं. मी नीट बघितलं न्हाई, आन् ज्यांनी बघितलं त्यांचं ऐकलं न्हाई."

माशीचं न्हाई सांगितलं. चौकोनाचंही न्हाई.

गोजाबाईनं कानाला हात लावला.

"ऐकू आलं न्हाई, विहीणबाई."

मी परत बोलले, मोठ्यानं.

"पंख्याचा आवाज लई हाय," ती म्हणाली. "परत सांगा."

डिसेंबरात पंखा कशाला असतोय! बंद हुता! मागनं कुणीतरी फुसकन हसलं. मला आधी घाम फुटला, मग संताप आला, मग बघते तर गोजाबाईचे खांदे हलत हुते. हसत हुती म्हातारी. मग मी माईक ठेवला, तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आन् तिच्या कानात वरडून सांगितलं. सगळ्या बाया हसायला लागल्या, भंतेजीसुद्धा खाली बघत हुते.

"आता आलं ऐकू," ती म्हणाली.

उठली. गुडघ्याला हात देऊन उठावं लागलं तिला, मी दंड धरला. दोघी खोलीत गेलो. कीर्ती हुती तितं, रडत हुती, पण आता का ते मला कळलं. पोरगी खुर्चीवरनं उठून उभी.

गोजाबाईनं गाठोडं पोरीला न्हाई दिलं. माझ्यापुढं धरलं.

"घ्या," म्हणाली. "आधी तपासा. दारात उजेड बरा हाय."

तेवीस वर्षं घडीत पडलेलं कापड. घडीवर विरलं असंल, डाग पडला असंल, काय असंल काय नसंल. माझी बोटं गाठीवर गेली. सवयच ती, तीस वर्षांची. सगळे माझ्या हाताकडं बघत हुते, गोजाबाई सगळ्यात जास्त.

मी गाठ सोडली न्हाई. गाठोडं तसंच बुद्धप्रियाच्या हातात दिलं आन् म्हणलं, "नेस बाई लवकर. माणसं खोळंबल्यात."